तीन दिवस आधी हॉल द्या: स्पर्धेसाठी लाकडी बास्केटबॉल कोर्ट अंथरण्याची रीत

कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. मे महिन्यात सहज लागणारं दार जुलैत चौकटीला अडतं. माझे वडील सुतार होते, सावंतवाडीजवळच्या एका गावात. पावसाळ्यात लोक "दार जरा तासून द्या" म्हणत यायचे आणि वडील त्यांना परत पाठवायचे. "आता तासलं तर दिवाळीनंतर फट पडेल. पाऊस जाऊ दे, दार आपोआप लागेल." गिऱ्हाईक हातचं का घालवतात, हे मला त्या वयात कळत नसे. आता पंधरा वर्षं मी पुण्यात राहून इनडोअर स्टेडियममध्ये स्पर्धांसाठी लाकडी बास्केटबॉल कोर्ट अंथरायचं आणि उचलायचं काम करतो. आयोजकांना मीही तेच सांगत असतो, की लाकडाला थोडा वेळ द्या.

गेल्या हंगामात मला वेगवेगळ्या ठिकाणांहून फोन आले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: "एका रात्रीत होईल ना?" अंथरणं एका रात्रीत होतं. सरावलेली चौदा जणांची टोळी पाच तासांत कोर्ट उभं करते. पण त्या पाच तासांच्या आधी तीन दिवस लागतात आणि तेच कोणी धरत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पहिल्यांदाच लाकडी कोर्ट भाड्याने आणणारी मंडळं, कॉलेजं, जिल्हा संघटना आणि हॉलचे व्यवस्थापक, सगळ्यांना उपयोगी पडावं.

हॉल बघायला जाताल तेव्हा

आपल्याकडचा इनडोअर हॉल कधीच एका खेळाचा नसतो. परवा तिथे कबड्डीची मॅट होती, काल शाळेचं स्नेहसंमेलन झालं, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे. त्यामुळे खाली काय आहे ते आधी बघा: काँक्रीट, फरशी, बॅडमिंटनचं कायमचं लाकूड, की व्हिनाइल. त्यावर आपलं कोर्ट सुट्या पॅनेलांनी बसतं.

बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबा, तिच्या नियमाप्रमाणे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. हे माप रेषांच्या आतल्या कडेपासूनचं. चारही बाजूंना निदान २ मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे अंथरलेलं लाकूड ३२ बाय १९ मीटर तरी हवं. संघांची बाकं, स्कोअररचं टेबल आणि जाहिरातींचे बोर्ड याच्या बाहेर. डोक्यावर ७ मीटरपर्यंत काही लटकता कामा नये, आणि स्नेहसंमेलनाच्या लाइटचे पाइप नेमके तिथेच लटकत असतात.

आमच्या संचातलं पॅनेल ४ बाय ८ फुटांचं आहे. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत तेरा पूर्ण पॅनेल आणि एक अर्धं. एका ओळीत अर्धं पॅनेल डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे, म्हणजे विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडत जातात. एकूण २०८ पूर्ण आणि १६ अर्धी. बसल्यावर १०८ बाय ६४ फूट होतं, म्हणजे साधारण ३२.९ बाय १९.५ मीटर. तुमचा संच वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण हा हिशेब हॉलमध्ये पाऊल टाकण्याआधी कागदावर करा. पॅनेलची भरलेली ट्रॉली ज्या दारातून आत येणार ते दारही मोजा. दोन्ही पल्ले उघडतात का, उंबरठा किती उंच आहे, उतार आहे का, सगळं बघा.

मग जमिनीची सपाटी. १० फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, उभी-आडवी-तिरकी ठेवत संपूर्ण जागा फिरा आणि पट्टीखाली ३ मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा सरकवून बघा. सरकला तर तिथे खळगा आहे. खडूने गोल करा. त्या जागी हार्डबोर्डचे थर कापून भरायचे आहेत हे आत्ताच ठरवा, रात्री दोन वाजता नाही. पाणसळ जवळ असावी, पण फसू नका. थोडा एकसंध उतार खेळाडूला जाणवत नाही, पॅनेलखालचा खळगा मात्र लगेच जाणवतो.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. हॉलला एसी नसेल आणि स्पर्धा जून ते सप्टेंबरमध्ये असेल, तर लाकूड आणू नका. प्लास्टिकच्या एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स आणा. थ्री-एक्स-थ्री, म्हणजे तिघा-तिघांचं बास्केटबॉल जगभर तशाच टाइल्सवर खेळतात, त्यात कमीपणा काही नाही. चांगलं लाकूड दमट हॉलमध्ये आणून खराब करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तीन दिवस

या कोर्टांचं लाकूड म्हणजे हार्ड मेपल. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात हे झाड हळू वाढतं, त्यामुळे रेषा दाट, लाकूड कठीण, रंग फिका, आणि कूस सहसा निघत नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची बहुतेक सगळी कोर्टं याचीच असतात. पण शेवटी ते लाकूडच. हवा दमट झाली की ते ओल पितं आणि आडवं फुगतं. मेपलमधली ओल एका टक्क्याने वाढली तर मीटरभर रुंदीची मोकळी फळी साधारण साडेतीन मिलिमीटर वाढते. पॅनेलमधल्या पट्ट्या प्लायला ठोकलेल्या असतात म्हणून एवढी वाढत नाही, पण जोर तेवढाच लावते. सोळा ओळी एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यामुळे तो जोर जायला जागाच उरत नाही. मग पट्टीच्या कडा वर येतात आणि मधला भाग वाटीसारखा खाली राहतो.

मेपलचं फ्लोअरिंग बनवणाऱ्यांचा सल्ला असा की लाकडातली ओल ६ ते ९ टक्के आणि हॉलमधली आर्द्रता ३५ ते ५० टक्के असावी. पुण्यात जुलैच्या पावसात बाहेर ८० टक्क्यांच्या वर असते. मुंबईचं आणि कोकणाचं तर विचारायलाच नको.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. हॉलचं नाव घेत नाही. जुलैचा शेवट, मुलींची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. ट्रक आदल्या संध्याकाळी पोचला, आम्ही रात्रभर कोर्ट अंथरलं, सकाळी एसी सुरू झाला. दिसायला सुरेख. पण वीज वाचवायची म्हणून हॉलवाले रोज रात्री सामने संपले की एसी बंद करायचे आणि वारा यावा म्हणून वरच्या खिडक्या उघडायचे. मला ते माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फ्री थ्रो रेषेजवळच्या एका सांध्यावरून मी हात फिरवला तर नखाला उंचवटा लागला. आयोजकांना सांगितलं. ते म्हणाले, आता सेमीफायनल आहे, झाल्यावर बघू. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक मुलगी तिथेच वळताना अडखळली आणि घोटा धरून बसली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. स्पर्धा संपल्यावर पॅनेल सुटेनात. ओळी इतक्या आवळल्या होत्या की पहिलं पॅनेल काढायला पहार लावावी लागली आणि दोन कडा फुटल्या.

तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी लेखी मागतो.

कोर्टच्या ट्रॉल्या अंथरण्याच्या ७२ तास आधी हॉलमध्ये आल्या पाहिजेत. आच्छादनं काढायची. ट्रॉल्या भिंतीला चिकटवून नाही, मधे माणूस चालेल एवढी जागा सोडून उभ्या करायच्या, म्हणजे हवा फिरते. त्या क्षणापासून एसी आणि आर्द्रता ओढणारी यंत्रं स्पर्धेत जशी चालणार तशीच दिवसरात्र चालू ठेवायची. रात्रीच्या विजेचा खर्च कोण देणार हे हॉलच्या करारात लिहून घ्या. या एका ओळीवरून नंतर सगळी भांडणं होतात.

दोन आर्द्रतामापक ठेवा. एक दाराजवळ, दुसरा मैदानाच्या मधोमध, घोट्याच्या उंचीवर. भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावलेला मापक खेळाडूच्या पायाशी काय चाललंय ते सांगत नाही. लाकडाची ओल मोजणारं दोन सुयांचं मीटर मिळतं. दहा पॅनेल निवडा, खालच्या बाजूने मोजा, क्रमांकासह वहीत लिहा. सकाळ-संध्याकाळ. दोन दिवस लागोपाठ आकडे हलले नाहीत तर लाकूड हॉलला रुळलं असं समजा. आकडे चढत असतील तर थांबा. आयोजक चिडतील. चिडू द्या.

पहिली ओळ

जमीन झाडून, मग व्हॅक्यूमने ओढून घ्या. काँक्रीट असेल तर जाड प्लास्टिकचा कागद पसरा, कडा हातभर एकमेकांवर चढवा आणि टेप लावा, म्हणजे खालची ओल वर येत नाही. खाली कायमचं लाकूड किंवा व्हिनाइल असेल तर ट्रॉलीच्या चाकांसाठी प्लायचा रस्ता करा. चाकाखाली सगळं वजन बोटभर जागेवर येतं आणि दुसऱ्याच्या फ्लोअरवर चर पडले तर भरपाई तुमच्या माथी.

मधली रेषा सुताने मारा. गेरूत भिजवलेली दोरी दोघांनी ताणायची, तिसऱ्याने मधोमध उचलून सोडायची. सुताराच्या घरात पोराला हे अक्षरांच्या आधी येतं. काटकोन गुण्याने बघू नका, एवढ्या मोठ्या जागेत गुण्या पुरत नाही. ९, १२ आणि १५ फुटांचा त्रिकोण करा. ९ आणि १२ च्या टोकांमधलं अंतर बरोबर १५ आलं की कोन पक्का.

आम्ही सुरुवात मधल्या ओळीपासून करतो, जिथे मध्यवर्तुळ आणि स्पर्धेचं चिन्ह असतं. रेषा आधीच पॅनेलवर रंगवलेल्या असतात, त्यामुळे एका टोकाकडून निघालं तर छोटी चूक पुढे पुढे वाढत जाते. मधून निघालं तर ती दोन्हीकडे वाटली जाते. प्रत्येक पॅनेलच्या कडेला ओळीचं अक्षर आणि क्रमांक असतो. मधल्या ओळींच्या ट्रॉल्या सगळ्यात आधी जवळ आणा, नाहीतर पोरं अर्धा वेळ क्रमांक शोधण्यातच घालवतात.

पॅनेल जवळजवळ ऐंशी किलोचं. चौघांनी उचलायचं, कंबर नाही, गुडघे वाकवून. टेकवण्याआधी एकाने खालची जागा ब्रशने पुसायची. दर पॅनेलला. एकदा एका कोपऱ्यात पॅनेल डुगडुगत होतं. आम्ही पॅनेल जोडणाऱ्या पिना तपासल्या, खालचं रबर तपासलं, शेवटी पॅनेल पुन्हा काढलं तर खाली हरभऱ्याएवढा खडा निघाला. कोणाच्या तरी बुटाच्या तळव्यातून आलेला. तेव्हापासून आमची टोळी हॉलमध्ये धुतलेल्या वेगळ्या बुटांनीच शिरते.

पॅनेलच्या कडेची जीभ शेजारच्या पॅनेलच्या खाचेत बसली की ठोकळा लावून हातोडी मारा. मेपलवर थेट हातोडी कधीच नाही, रबर लावलेला ठोकळा हवाच. पहिली ओळ पूर्ण झाली की थांबा आणि दोरी लावून बघा. दोन मिलिमीटरचा बाक दिसला तरी उलगडा आणि पुन्हा लावा. इथले वीस मिनिटं वाचवलेत तर चौदाव्या ओळीत तीन तास घालवाल.

सगळं बसल्यावर कर्ण मोजा. २८ बाय १५ च्या आयताचा कर्ण ३१.७६ मीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. मग सांधे. मी रुपयाचं नाणं आडवं ठेवून बोटाने सांध्यावरून ढकलतो. नाणं न अडखळता गेलं तर बूटही जाईल. अडलं तर टेपचा तुकडा लावून पुढे सरकतो आणि मग सगळ्या टेपा एकदम दुरुस्त करतो. नाणं दोन्ही दिशांनी ढकला, कारण सांधा एकाच बाजूने उंच असू शकतो.

चेंडूला विचारा

या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हा, आणि हाच लोक गाळतात.

चांगलं कोर्ट दोन कामं एकाच वेळी करतं. खेळाडू उडी मारून खाली येतो तेव्हा ते थोडं दबतं आणि गुडघ्यावरचा धक्का स्वतः घेतं. चेंडू आपटतो तेव्हा मात्र दबत नाही, उसळी परत देतं. युरोपीय मानक ईएन १४९०४ सांगतं की काँक्रीटवर चेंडू जेवढा उसळतो त्याच्या निदान ९० टक्के उसळी फ्लोअरवर मिळाली पाहिजे आणि त्याच वेळी आदळण्याचा धक्का निदान २५ टक्क्यांनी कमी झाला पाहिजे. हे दोन्ही साधतं ते पॅनेलच्या पोटातल्या रबरी गाद्यांमुळे. एक गादी निसटली किंवा दबून चपटी झाली की तिथे चेंडू मरतो. आम्ही त्याला 'मेलेली जागा' म्हणतो.

ती डोळ्यांनी दिसत नाही. हवा नीट भरलेला चेंडू घ्या. १.८० मीटर उंचीवर काठीला खूण करा, चेंडूचा तळ खुणेला लावून सोडा, उसळी बघा. प्रत्येक पॅनेलवर तीन ठिकाणी: मधोमध आणि दोन्ही टोकांना. सगळीकडे उसळी एकसारखी हवी. मग टोळीतला एक जण ओळीओळीने ड्रिबल करत चालतो आणि मी डोळे मिटून पाठोपाठ चालतो. चांगल्या पॅनेलचा आवाज भरीव आणि मोकळा येतो, तबल्यावर मोकळी थाप पडावी तसा. मेलेल्या जागेचा आवाज 'भद' असा बसका येतो, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. दोनशे चोवीस पॅनेलांना तासभर लागतो. या वेळी हॉलमध्ये दुसरा आवाज नको. साउंडवाल्याला त्याची टेस्टिंग आधी किंवा नंतर करायला सांगा, आणि गोड बोलून सांगा, कारण त्यालाही वेळ कमीच मिळालेला असतो.

बसका आवाज आला तर क्रमाने बघा: पिन पूर्ण बसली आहे का, शेजारचा सांधा नीट आहे का, खाली खडा किंवा सपाटीत भरलेला हार्डबोर्ड सरकला आहे का, आणि शेवटी गादी. दोन-चार गाद्या आणि पिना नेहमी बरोबर ठेवा.

बोस्टन सेल्टिक्सचं जुनं कोर्ट या बाबतीत प्रसिद्ध होतं. महायुद्धानंतर १९४६ मध्ये लांब लाकूड मिळेना म्हणून ते ओकच्या आखूड तुकड्यांतून चौकोनी पॅनेल करून बनवलं गेलं, आणि १९५२ मध्ये बोस्टन गार्डनमध्ये आलं. त्याच हॉलमध्ये बर्फावरची हॉकीही चालायची, त्यामुळे पॅनेल बोल्टने जोडायची आणि पुन्हा सोडवायची. पाहुणे संघ कायम तक्रार करायचे की त्यात मेलेल्या जागा आहेत आणि यजमान खेळाडूंना त्या पाठ आहेत. खरं-खोटं काहीही असो, तुमच्या स्पर्धेत कोणत्याच संघाला अशी जागा पाठ असता कामा नये.

बास्केटचे स्टँड

हे हलके नसतात, टनाच्या घरात जातात. कोर्टवरून ढकलत नेऊ नका, बाहेरून फिरवून आणा. लाकडावर चढवावाच लागला तर दोन थर प्लाय. स्टँडचा पाया शेवटच्या रेषेच्या बाहेर निदान २ मीटरवर, गाद्या बांधलेला. बोर्डचा पुढचा पृष्ठभाग रेषेच्या आतल्या कडेपासून १.२० मीटर मैदानात, आणि रिंग ३.०५ मीटर उंच. ओळंबा सोडून बोर्डचं उभं टोक तपासा. रिंगची उंची कोर्ट अंथरल्यानंतर मोजा, आधी नाही. लाकडाच्या जाडीने ती तेवढीच कमी होते आणि शाळांच्या हॉलमध्ये ही चूक मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

उद्घाटन, फिनेल आणि स्टिकर

उद्घाटन व्हावंच. खेळाला मान आहे, तो दिलाच पाहिजे. पण नारळ मैदानावर फोडू नका. एका स्पर्धेत मध्यवर्तुळावर पाट मांडून नारळ वाढवला, पाणी उडालं ते सांध्यात गेलं, आणि ते पुसेपर्यंत पाहुण्यांचं भाषण चालू होतं. समई तेलाची होती. हळदीकुंकवाचे डाग मेपलच्या फिक्या रंगावर मॅच संपेपर्यंत दिसत राहिले. माझी विनंती एवढीच की पूजा, दीपप्रज्वलन आणि रांगोळी मैदानाबाहेर, दाराजवळ गालिच्यावर करा. तिथून पाहुणे खेळाडूंची ओळख करून घ्यायला कोर्टवर येतात, तेव्हा गालिच्याची पट्टी अंथरून ठेवा. टाचांच्या चपला आणि मातीचे बूट तिच्यावरूनच जाऊ द्या.

दुसरा धोका रोजच्या सफाईचा. हॉलच्या सफाई कर्मचाऱ्यांना सवयीने बादलीत फिनेल घालून फडका मारायचा असतो. त्यांचं काही चुकत नाही, त्यांना कोणी वेगळं सांगितलेलंच नसतं. फिनेलचा तेलकट थर वाळल्यावर दिसत नाही, पण त्यावर बूट घसरतो. पहिल्याच दिवशी त्यांच्याशी बसून बोला, चहा घ्या, कोरडा मायक्रोफायबर मॉप त्यांच्या हातात द्या. रोज सामन्यांआधी आणि नंतर कोरडा मॉप, एका दिशेने, मैदानाच्या लांबीत, मधे न उचलता. डाग असेल तरच फ्लोअरचं क्लीनर, तेही मॉपवर फवारून, जमिनीवर नाही. आमच्या स्पर्धांत दोन वर्षांपासून हे काम सफाईच्या मावशीच बघतात, आणि माझ्या टोळीपेक्षा नीट बघतात.

जाहिरातींचे स्टिकर खडबडीत पृष्ठभागाचेच घ्या. रिंगखालच्या रंगवलेल्या भागात आणि तीन गुणांच्या रेषेजवळ, जिथे वेगात पाय फिरतात, तिथे लावू देऊ नका. प्रायोजक आग्रह करतील. त्यांना मैदानाच्या मधोमध किंवा शेवटच्या रेषेबाहेर जागा द्या.

खेळाडू पडला की घाम पुसायला दोन पोरं प्रत्येक रिंगखाली बसवा, ओला फडका आणि कोरडा फडका, दोन्ही. पंचाने खूण केल्याशिवाय आत धावायचं नाही.

दव

लाकूड नीट, सांधे नीट, तरीही सामना रद्द होऊ शकतो. ३० नोव्हेंबर २०१६ ला फिलाडेल्फियात सेव्हन्टी-सिक्सर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा एनबीए सामना कोर्ट ओलं झाल्यामुळे पुढे ढकलावा लागला. खाली हॉकीचा बर्फ, वर लाकूड, बाहेर दमट हवा. त्याआधी ९ नोव्हेंबर २०१२ ला जहाजांवर कोर्ट अंथरून अमेरिकी विद्यापीठांचे सामने ठेवले होते. जॅक्सनव्हिलला बटान जहाजावरचा सामना मध्यंतराला थांबवला आणि चार्ल्स्टनला यॉर्कटाउन जहाजावर पुरुषांचा सामना सुरूच होऊ शकला नाही. दोन्हीकडे कारण एकच, लाकडावर जमलेलं दव. पैसा आणि माणसं भरपूर असूनही हे झालं.

आपल्याकडे बर्फ नाही, एसी आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तिचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो. म्हणजे ही हवा २४ अंशांपेक्षा थंड वस्तूला लागली की पाणी सोडते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम येतो, तेच. प्रेक्षकांना गार वाटावं म्हणून तुम्ही रात्रभर एसी २० वर ठेवला, कोर्ट २१-२२ अंशांवर आलं, आणि सकाळी सातला सामान आत घ्यायला मोठं दार सताड उघडलं. दहा मिनिटांत लाकडावर हाताला न जाणवणारा ओलावा येतो आणि पहिल्याच लेअपला, म्हणजे धावत येऊन रिंगखाली उडी घेताना, कोणीतरी घसरतं.

म्हणून एसी २४-२५ वरच ठेवा आणि रात्री बंद करू नका. मोठं दार स्पर्धेच्या दिवसांत उघडायचंच नाही. प्रेक्षकांच्या दाराला दोन टप्पे करा: बाहेर एक दार, आत जाड पडदा. सामान आदल्या दिवशी आत घ्या. सकाळी सगळ्यात आधी तळहात लाकडावर पालथा ठेवा, मग काळा टिश्यू पेपर घासून बघा. ओलसर दिसला तर पुसून लगेच खेळ सुरू करू नका, कारण दव पुन्हा येतं. दारं बंद, आर्द्रता ओढणारी यंत्रं पूर्ण जोरात, कोर्टच्या कडेने जमिनीलगत पंखे, आणि मापक खाली येईपर्यंत थांबायचं. उशीर झाला तर सामने पुढे ढकला. माइकवरून कारण सांगा, लोक समजून घेतात.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, इंडियाना पेसर्स विरुद्ध तेच सॅक्रामेंटो किंग्ज. तोही हॉल सगळ्या कामांचा, कबड्डी काय, कार्यक्रम काय. दुसऱ्या दिवशी मी वरच्या रांगेत बसलो होतो. पाऊस नुकताच गेलेला, बाहेर शर्ट अंगाला चिकटत होता. मी खेळ कमी आणि लाकूड जास्त पाहिलं. चारही क्वार्टर एकही सांधा वर आलेला दिसला नाही. त्या सामन्यांमागे किती दिवसांची तयारी असेल, हे मला तिथे बसून कळत होतं.

उचलताना

फायनल संपली, बक्षिसं झाली, हॉलवाले घड्याळ दाखवू लागले की घाई होते. याच घाईत कडा फुटतात. स्टिकर आधी काढा, आडवे ओढून, वर उपटून नाही. बाहेरच्या ओळीपासून आत या, म्हणजे मधली ओळ शेवटी. प्रत्येक पॅनेल खालून पुसा, गाद्या मोजा, निसटलेली गादी तिथेच लावा, पुढच्या स्पर्धेवर ढकलू नका. पॅनेल ट्रॉलीवर आडवी, चेहऱ्याला चेहरा लावून, मधे फेल्टचा पातळ तुकडा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेलं पॅनेल महिन्याभरात पिळतं आणि मग ते कुठल्याच सांध्यात बसत नाही.

गोदामात ट्रॉल्या जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवा, वाळवीसाठी आधी औषध मारून घ्या. प्लास्टिकने गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. सुती चादर टाका. पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनी गोदाम उघडून त्याच दहा पॅनेलांची ओल त्याच वहीत लिहा. आमच्या वहीत गेल्या ऑगस्टमध्ये 'के' ओळीच्या सातव्या पॅनेलला साडेदहा आली होती. वर बघितलं तर पत्र्याला बारीक भोक होतं. त्याच दिवशी पत्रा बदलला, ट्रॉली आत ओढली, आणि सप्टेंबरअखेर पॅनेल पुन्हा आठवर आलं.